रेषा आणि माझी बडबड

नातवाने व्यंगचित्रं शिकवणारं पुस्तक दिलंय. आधी लंबगोल, त्यात उभी-आडवी रेघ, मग नाक-डोळे. भुवया आत झुकवल्या की राग, वर चढवल्या की आश्चर्य. महिन्याभरात जमलं बुवा!

पण चित्राखाली काय लिहावं, हे शेवटच्या दोन पानांत उरकलंय. माझ्या मते ते आधी हवं. माझ्या चित्रात वीज गेलेली, आजोबा मेणबत्ती धरून टॉर्च शोधताहेत. खाली तीन ओळींचं स्पष्टीकरण (मास्तर ना मी!). ही हसली नाही. मग तिने ओळींवर हात ठेवला, आणि खुदकन हसली.

शि. द. फडणीसांची 'हंस', 'मोहिनी'ची बिनशब्दांची मुखपृष्ठं मी वर्षानुवर्षं पाहिली, तरी हे कळलं नव्हतं. आता खोडतोय. एकच ओळ उरलीय, पण तिच्यावर जीव आहे हो.