सर, आम्हाला विचारा ना!

खरं सांगा, ऑनलाइन लेक्चर लावून मोबाइल उशाशी ठेवून कितीदा झोपलात? मीही झोपलोय. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि तासाभराचं लेक्चर जसंच्या तसं मोबाइलवर आलं. वर्गात सर आपले चेहरे बघून थांबतात, पुन्हा समजावतात. इथं चेहरेच गायब!

आता हा विषय डिग्रीचाच आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम’वरून करता येतात. तिथं व्हिडिओसोबत वाचनसाहित्य, चाचणी, चर्चाही असते. आपण मात्र फक्त व्हिडिओ पळवतो.

आमच्या वलगावजवळ, पेढी नदीपाशी २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव. बाबांचं कीर्तन म्हणजे सवाल-जवाब. ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, मग पुढचा प्रश्न. समोरच्याला झोपायची सोयच नाही!

ऑनलाइन शिकवणं असंच हवं. दहा मिनिटं शिकवा, एक प्रश्न विचारा, उत्तरासाठी थांबा. सरांना हे हक्कानं सांगा. आणि त्यांनी विचारलं, की तुम्हीही म्यूट काढून बोला. नाहीतर तक्रार कोणत्या तोंडानं करायची?