सामने किती खेळायचे, हे मेंदूला कोणी विचारले का?

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. त्यांचा मुलगा पुढच्या वर्षी कॉलेजात जाणार आहे आणि तिथल्या फुटबॉल संघात खेळणार आहे. त्या विचारतात, "डॉक्टर, हल्ली यांचे सामने वाढलेत म्हणे. एकदोन सामन्यांनी असा काय फरक पडतो?"

फरक पडतो. आणि हे सामने वाढवतो कोण, हे कळले तर तुम्हालाही माझ्यासारखाच राग येईल.

आधी हा खेळ समजून घेऊ

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये अंगावर धावून जाऊन समोरच्याला पाडणे हा खेळाचाच भाग असतो. 1905 च्या एका हंगामात किमान 18 मुले या खेळात दगावली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले आणि त्या खळबळीतूनच पुढच्या वर्षी आजच्या 'एनसीएए' या संस्थेचा पाया घातला गेला. म्हणजे ही संस्था जन्मालाच आली ती मुलांचे जीव वाचवण्यासाठी. हे लक्षात ठेवा.

हंगाम किती लांब, हे कोण ठरवते?

सामन्यांची कमाल संख्या एनसीएए ठरवते. वरच्या गटातील कॉलेजांसाठी ती 1970 मध्ये 10 वरून 11 झाली आणि 2006 पासून कायमची 12 झाली. त्यातले किती सामने आपापसांत खेळायचे, हे 'कॉन्फरन्स' म्हणजे कॉलेजांचे गट ठरवतात. उरलेले सामने कॉलेजांचे क्रीडा संचालक कितीतरी वर्षे आधी करार करून ठेवतात. सामना किती वाजता सुरू होणार, हे बहुतेक वेळा टीव्ही वाहिनी सांगते.

1984 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही प्रक्षेपणावरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून कॉलेजे आणि गट स्वतःच हक्क विकू लागले. जितके सामने जास्त, तितका विकायला माल जास्त. विजेतेपदाच्या अंतिम फेरीत 2014 च्या हंगामापासून 4 संघ असायचे, 2024 पासून 12 झाले. त्या वर्षी ओहायो स्टेटचा संघ 31 ऑगस्टला पहिला सामना खेळला आणि 20 जानेवारीला शेवटचा. एकूण 16 सामने! व्यावसायिक एनएफएलमध्ये साखळीचे सामने 17 असतात. ही मात्र शिकणारी पोरे आहेत.

या सगळ्या साखळीत डॉक्टर कुठे आहे? तो मैदानाच्या कडेला उभा आहे. मार बसल्यावर त्याला बोलावतात, वेळापत्रक ठरवताना नाही.

मेंदूला काय होते?

डोक्याला जोराचा हिसका बसला की मेंदू कवटीच्या आत हलतो. त्याचे काम काही काळ बिघडते. याला कन्कशन म्हणतात. यात शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. पुन्हा मैदानात उतरण्यासाठी टप्प्याटप्प्याने सराव वाढवावा लागतो, प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी आठवडा जवळजवळ गेलाच. आता शनिवारी सामना झाला आणि टीव्हीच्या सोयीसाठी पुढचा गुरुवारी ठेवला, तर मध्ये दिवस उरतात किती? तुम्हीच मोजा.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. लक्षणे न दिसणारे छोटे धक्केही साठत जातात. वर्षानुवर्षे असे धक्के बसलेल्या काहींना पुढे सीटीई हा मेंदू झिजवणारा आजार होतो. त्याचे खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतरच होते. बोस्टन विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात खेळलेल्या प्रत्येक वर्षामागे त्याची शक्यता सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे मेंदू दान केलेल्यांचे होते, त्यामुळे प्रत्येक खेळाडूला हा आजार होतो असा अर्थ काढू नका. पण जितका मार जास्त, तितका धोका जास्त, ही दिशा स्पष्ट आहे.

"पण जास्त मार तर सरावात बसतो!"

सामने वाढवणाऱ्यांचा हा आवडता मुद्दा आहे, आणि तो खोटा नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा कॉलेजांच्या अभ्यासात 72 टक्के कन्कशन सरावात झालेले आढळले. पण म्हणून सामने वाढवायचे? हंगाम महिनाभर लांबला की सरावही महिनाभर लांबतो. दोन्हींना लगाम घालायला हवा. आयव्ही लीगच्या कॉलेजांनी 2016 मध्ये हंगामातल्या सरावातून अंगावर जाऊन पाडणे बंद केले. त्यांचे साखळी सामनेही 10 च आहेत. तिथला खेळ काही बंद पडलेला नाही.

"आता मुलांना पैसे मिळतात," असेही म्हणतात. मिळतात, आणि मिळायलाच हवेत. पण कॉलेज सोडल्यानंतर खेळातल्या दुखापतींसाठी एनसीएएने 2024 पासून सुरू केलेला विमा दोन वर्षांचा आहे. सीटीईची लक्षणे दिसायला बऱ्याचदा कित्येक वर्षे जातात. मग तेव्हाचे बिल कोण भरणार? घरचेच ना?

2020 मध्ये कोविड आला आणि अनेक गटांनी सामने कमी केले. म्हणजे 12 हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. साथीसाठी तो कमी करता येतो, तर मेंदूसाठी का नाही? माझे म्हणणे सरळ आहे: अंतिम फेरी वाढवली तर साखळी सामने तितके कमी करा, दोन सामन्यांत किमान सात दिवस ठेवा, आणि वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीत स्वतंत्र डॉक्टरला नकाराधिकार द्या.

तुम्ही काय कराल?

ताई, मुलाला खेळापासून तोडा असे मी म्हणणार नाही. पण प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षकाला विचारा: आठवड्यात अंगावर जाण्याचा सराव किती दिवस असतो? खेळाडूला बसवण्याचा शेवटचा शब्द डॉक्टरचा की तुमचा? आणि मुलाला बजावून सांगा: डोके दुखणे, गरगरणे, उलटीसारखे वाटणे, उजेड सहन न होणे, झोप बिघडणे, यातले काहीही झाले तर लपवायचे नाही, त्याच क्षणी बाहेर यायचे. शुद्ध गेली, उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली किंवा झटके आले तर तडक इस्पितळ गाठायचे.

एक सामना हुकला तर संघात दुसरा उभा राहतो. तुमच्या मुलाच्या मेंदूला राखीव खेळाडू नाही.