ताऱ्याची नाडी, ताऱ्याचे पोट

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला. अशा वेळी 'जिल्ह्याचे सुपुत्र' म्हणून कौतुक होते. काम काय केले, हे क्वचितच सांगितले जाते.

१९८२ मध्ये, बर्कलीत विद्यार्थी असतानाच, त्यांनी डोनाल्ड बॅकर व इतर सहकाऱ्यांसह सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा शोधला. मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेला गाभा म्हणजे न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याहून अधिक, व्यास मात्र चोवीस-पंचवीस किलोमीटर; मंगळवार पेठेतून निघून पन्हाळ्याच्या थोडे पुढे जावे, एवढाच. त्यातल्या चमचाभर द्रव्याचे वजन शंभर कोटी टनांच्या घरात जाते. एवढ्या वेगाने फिरूनही तारा विखुरत नाही, यावरूनच त्याची किमान घनता कागदावर मांडता येते.

पण आत काय आहे? न्यूट्रॉन शाबूत राहतात, की चिरडून त्यांतले क्वार्क सुटे होतात? हे पृथ्वीवर करून बघता येत नाही. डॉक्टर पोट न उघडता वरून चाचपून यकृत मऊ की कडक ते ठरवतो, तसाच मार्ग इथे उरतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. टकरीपूर्वी परस्परांच्या ओढीने ते फारसे ताणले गेले नव्हते. म्हणजे द्रव्य अतिकडक, तारे फुगीर, ही शक्यता मागे पडली. पुढे अंतराळस्थानकावरच्या 'नायसर' क्ष-किरण दुर्बिणीने उलट बाजू दाखवली. सूर्याच्या दुपटीहून थोडा जड ताराही सुमारे दीडपट वजनाच्या ताऱ्याएवढाच रुंद निघाला. द्रव्य फार मऊ असते, तर तो दबून लहान झाला असता.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियासाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. हे पैसे दवाखान्यांना द्यावेत, असे म्हणणारे भेटतातच. दवाखान्यांची गरज खरी आहे, पण ती या रकमेपायी अडलेली नाही. एमआरआयच्या मुळाशी असलेला अणुकेंद्रकाच्या चुंबकत्वाचा शोधही कोणा रुग्णासाठी लागला नव्हता.

२०१७ च्या टकरीनंतर उरलेल्या गोळ्याची थरथर तेव्हाच्या यंत्रांना ऐकू आली नाही. तिथे नेमके काय बनले, ही वादाची बाब आहे. औंढ्याचे यंत्र सुरू झाले की पुढची टक्कर आकाशात कुठे झाली ते अधिक नेमके कळेल, आणि दुर्बिणी वेळेत तिकडे वळवता येतील.