राखणदाराची ओळख कोण पटवणार?

आंब्याला मोहोर आला की रत्नागिरीच्या बागांमध्ये मराठीच्या जोडीला नेपाळी ऐकू येते. फवारणीपासून रात्रीच्या राखणीपर्यंत, शिवाय मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी म्हणूनही, या कामगारांशिवाय आपलं पान हलत नाही. तरी कुठे चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावरच. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर थेट निकालच लागतो!

समोरचा माणूस नक्की कोण, हे कळण्याची नीट सोय मात्र आपण केलेली नाही. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारापासून दोन्हीकडचे लोक पासपोर्ट-व्हिसाशिवाय ये-जा करतात. १,७५१ किलोमीटरच्या सीमेवर सशस्त्र सीमा बलाचा पहारा असतो, पण सीमा खुली आहे. ती खुली राहावीच; हजारो घरांची चूल त्यावर पेटते. पण आरोपी सीमेपार गेला, तर आपले पोलीस त्याला तिथून उचलून आणू शकत नाहीत. मागणी दिल्लीमार्फत जाते आणि हाताशी असतो १९५३ चा प्रत्यार्पण करार. त्यातल्या यादीत खून आहे, दरोडा आहे. ऑनलाइन फसवणूक असणार तरी कशी?

जुलै २०२५ मध्ये दिल्लीत दोन्ही देशांच्या गृहसचिवांची बैठक झाली. फौजदारी प्रकरणांत एकमेकांना कायदेशीर मदत करण्याच्या कराराचा मसुदा पक्का झाला, सुधारित प्रत्यार्पण करारही लवकर करायचं ठरलं. चांगलंच आहे. पण हे सगळं फक्त चोर पकडण्यापुरतं नको. मालकाने मजुरी बुडवली, खलाशी समुद्रात बेपत्ता झाला, तर नेपाळमधल्या घरच्यांनी विचारायचं कुणाला? आखातात गेलेल्या आपल्या माणसाचं काही बरंवाईट झालं, तर तिथल्या पोलिसांनी आपल्याला कळवावं असं आपल्याला वाटतंच ना? मग रत्नागिरीच्या पोलीस ठाण्यातूनही तिकडच्या जिल्ह्यात चौकशीसोबत निरोपही वेळेत पोहोचला पाहिजे.

तोवर आपण काय करायचं? घरची बाग किंवा बोट असेल, तर कामगाराच्या नागरिकता प्रमाणपत्राची प्रत, फोटो आणि गावाकडचा फोन नंबर घेऊन पोलीस ठाण्यात नोंद करायला घरच्यांना सांगा. ठरलेली मजुरीही कागदावर लिहून द्या. नोंद असली की गुन्हेगाराला लपणं अवघड जातं, आणि रात्रभर आपली बाग राखणाऱ्याला सकाळी स्वतःचा खरेपणा सिद्ध करत बसावं लागत नाही.