गोडबोल्यांचा चेहरा : ‘निखळ अभिनया’च्या युक्तिवादाची झडती

१

ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या कादंबरीवर डेव्हिड लीन यांनी १९८४ मध्ये चित्रपट केला, तेव्हा प्राध्यापक नारायण गोडबोले यांची भूमिका अलेक गिनेस या इंग्रज नटाकडे दिली गेली. कादंबरीतील गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण आहेत. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराजांचे खाजगी सचिव होते. त्या वास्तव्याची छाया कादंबरीच्या तिसऱ्या भागातील गोकुळाष्टमीच्या उत्सवावर पडली आहे, आणि त्या उत्सवात गोडबोल्यांच्या मुखी तुकारामाचे नाव आहे. इंग्रजी कादंबरीच्या संरचनेत मराठी भक्तिपरंपरेला इतके मोक्याचे स्थान अन्यत्र क्वचितच मिळाले असेल. चित्रपटात मात्र हे गोडबोले रंगभूषेने सावळा केलेला चेहरा आणि एक गूढ स्मित एवढ्यावर येऊन ठेपतात.

या पात्रयोजनेचे समर्थन भारतीय नटांच्या अनुपलब्धतेने करता येत नाही. त्याच चित्रपटात डॉ. अझीझच्या भूमिकेत व्हिक्टर बॅनर्जी आहेत, सईद जाफरी आणि रोशन सेठ आहेत. ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात रोहिणी हट्टंगडी यांनी कस्तुरबांची भूमिका केली होती आणि तिच्यासाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचा पुरस्कारही मिळाला होता. म्हणजे मराठी रंगभूमीशी परिचित असलेली, जागतिक पडद्यावर पारखली गेलेली अभिनयक्षमता लीन यांच्या हाताशी होती. तरीही गोडबोले ‘साकारण्या’साठी इंग्रज नट निवडला गेला.

यावर मराठी समीक्षेतून आणि विद्यापीठीय वर्गांतून जे उत्तर सर्रास ऐकू येते, त्याची झडती घेणे आवश्यक आहे. ते उत्तर असे : अभिनय म्हणजे परकायाप्रवेश. नटाचा वंश, वर्ण, जन्म यांची चौकशी करणे हा कलाबाह्य निकष होय. आज गोडबोल्यांसाठी मराठी नट मागाल, तर उद्या हॅम्लेटसाठी डॅनिश नट मागावा लागेल. हा युक्तिवाद वरकरणी उदार आहे. कलेच्या स्वायत्ततेची बूज राखणारा म्हणून तो प्रतिष्ठितही आहे. त्यातील दोष तात्त्विक पातळीवर चटकन दिसत नाही. तो दिसतो इतिहासात.

२

गिनेस यांनी ‘अ मेजॉरिटी ऑफ वन’ (१९६१) मध्ये जपानी व्यापारी, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मध्ये अरब राजपुत्र फैसल आणि १९८४ मध्ये दख्खनी ब्राह्मण साकारला. परकायाप्रवेशाचे हे उदाहरण म्हणून कोणी गौरवाने सांगेल. तथापि, त्याच्या शेजारी सेसू हायाकावा या जपानी नटाची कारकीर्द ठेवून पाहावी. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) या लीन यांच्याच चित्रपटात हे दोन नट समोरासमोर उभे आहेत : गिनेस इंग्रज कर्नल, हायाकावा जपानी छावणीप्रमुख. दोघांचाही अभिनय वाखाणला गेला; गिनेस यांना ऑस्कर मिळाले, हायाकावा यांना नामांकन. पुढे गिनेस जपानी झाले. हायाकावा इंग्रज कर्नल होऊ शकले असते काय? हा प्रश्न ऐकताच हसू येते, आणि ते हसू हाच या युक्तिवादाचा खरा तळ आहे. परकायाप्रवेशाचा परवाना एकाच दिशेने चालतो. ज्याचा चेहरा ‘सामान्य मानवी’ मानला गेला आहे, त्याला सर्व काया खुल्या. ज्याचा चेहरा आधीच ‘विशिष्ट’ ठरवला गेला आहे, त्याला स्वतःच्या कायेबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नाही.

स्वतःच्या कायेतही त्याला कितपत राहू दिले जाते, हा आणखी वेगळा प्रश्न. हायाकावा यांना प्रसिद्धी मिळाली ती सेसिल बी. डेमिल यांच्या ‘द चीट’ (१९१५) या मूकपटातून. त्यात गोऱ्या स्त्रीच्या खांद्यावर डाग देणारा खलनायक जपानी होता. अमेरिकेतील जपानी लोकांनी निषेध केला. तेव्हा १९१८ च्या पुनःप्रदर्शनात पाट्या बदलून त्या पात्राला ब्रह्मदेशी करण्यात आले. एक फूटही नव्याने चित्रित न करता जपानी माणूस ब्रह्मी झाला. चिन्हमीमांसेच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण विसरू नये. येथे चेहरा हा कोणत्याही निश्चित चिन्हिताकडे निर्देश करीत नाही. ‘पूर्व’ नावाच्या एका रिकाम्या जागेकडे तो बोट दाखवतो आणि त्या जागेत पाटीनुसार कोणताही देश बसवता येतो. एडवर्ड सैद यांनी ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) मध्ये ग्रंथांच्या आधारे जे दाखवले, ते चित्रपटाने दोन पाट्यांच्या बदलात कितीतरी आधी दाखवून ठेवले होते.

ॲना मे वाँग यांचे प्रकरण याहून बोलके आहे. १९०५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली ही चिनी वंशाची अमेरिकन अभिनेत्री ‘द टोल ऑफ द सी’ (१९२२) पासून ‘शांघाय एक्स्प्रेस’ (१९३२) पर्यंत ख्यातनाम झाली होती. पर्ल बक यांच्या ‘द गुड अर्थ’ या कादंबरीवर एमजीएमने १९३७ मध्ये चित्रपट काढला, तेव्हा त्यातील चिनी शेतकऱ्याची भूमिका पॉल म्यूनी यांना मिळाली. हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेने मिश्रवंशीय संबंधांचे चित्रण निषिद्ध ठरवले होते. संहितेचे शब्द गोऱ्या आणि काळ्या वंशांपुरते होते. व्यवहारात स्टुडिओंनी त्यांची व्याप्ती आशियाई लोकांपर्यंत ताणली. नवरा गोरा नट, म्हणून बायकोही गोरीच हवी. त्यामुळे ओ-लान ही चिनी शेतकरीण जर्मनीत जन्मलेल्या लुईझ रेनर यांनी साकारली आणि त्यासाठी ऑस्कर मिळवले. वाँग यांच्यापुढे आली ती मोहिनी घालणाऱ्या दुसऱ्या बायकोची भूमिका. चरित्रकारांच्या नोंदीनुसार त्यांनी ती नाकारली. या घटनेतील तर्क तपासावा. पडद्यावरची दोन्ही पात्रे चिनीच होती, म्हणजे कथेच्या पातळीवर मिश्रसंबंध नव्हताच. निषेध होता तो नटांच्या देहांच्या सान्निध्याला. म्हणजेच ‘नटाचा वंश पाहू नये’ हा उपदेश ज्या व्यवस्थेच्या समर्थनार्थ आज केला जातो, ती व्यवस्था नटाचा वंश अत्यंत बारकाईने पाहतच उभी राहिली होती. वंशाची चौकशी आजच्या टीकाकारांनी आणलेली नाही. ती पात्रयोजनेच्या कार्यालयात आधीपासून बसलेली होती.

उलट दिशेने जाण्याचा एकच मार्ग मोकळा होता : लपून जाणे. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेल्या, मिश्र वंशाच्या मर्ल ओबेरॉन यांनी आपला जन्म टास्मानियाचा असल्याचे सांगितले आणि गोऱ्या नायिका म्हणून कारकीर्द घडवली. ‘द डार्क एंजल’ (१९३५) साठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. त्यांचे मूळ सर्वज्ञात झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर. आशियाई देह गोरी नायिका उत्तम प्रकारे साकारू शकतो, याचा पुरावा हॉलिवूडकडे १९३५ पासून होता. पण तो पुरावा ठरण्याची अट अशी, की तो पुरावा आहे हे कोणाला कळता कामा नये.

३

निखळ अभिनयाचा पक्ष येथे भारतीय काव्यशास्त्राचा आधार घेतो. श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय त्यासाठी पुढे केला जातो : चित्रातील घोडा पाहणाऱ्याची प्रतीती ‘हा खरा घोडा’ अशी नसते, ‘हा खोटा घोडा’ अशीही नसते; नटाच्या ठायी होणारी रामाची प्रतीतीही अशीच विलक्षण असते. मग गिनेस गोडबोले नाहीत ही तक्रार अरसिकाचीच नव्हे काय?

हा न्याय प्रतीतीच्या स्वरूपाविषयी आहे. संधीच्या वाटपाविषयी नाही. अभिनवगुप्ताने शंकुकाच्या अनुकरणवादाचे खंडन केले, हा भाग बाजूला ठेवला तरीही ही गल्लत उरतेच. चित्रातील घोडा खऱ्या घोड्याची पागेतील जागा अडवीत नाही, त्याचा दाणा खात नाही. गोडबोल्यांची भूमिका मात्र एकच असते आणि ती एकाला मिळाली की दुसऱ्याची जाते. रेनर यांच्या ओ-लानमधून सहृदयाला करुणाची प्रतीती झाली असेल. त्याबद्दल वाद नाही. पण ती प्रतीती ज्या वाँगच्या अनुपस्थितीवर उभी राहिली, ती अनुपस्थिती कलाबाह्य म्हणून दृष्टिआड करणे ही रसमीमांसा नव्हे.

दुसरा आधार बालगंधर्वांचा. पुरुषाने स्त्रीभूमिका करावी आणि महाराष्ट्राने तिच्यावर लुब्ध व्हावे, हा मराठी रंगभूमीचा वैभवकाळ. तेव्हा देह आणि भूमिका यांचा संबंध जोडणे मराठी माणसाला तरी शोभत नाही, असे म्हटले जाते. वास्तविक हेच उदाहरण या पक्षावर उलटते. बालगंधर्वांची कला थोर होती आणि ती ज्या परिस्थितीत बहरली त्या परिस्थितीत कुलीन स्त्रीला रंगमंच बंद होता. ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मधील तारामती अण्णा साळुंके यांनी केली, ती परकायाप्रवेशाच्या एखाद्या सिद्धांतामुळे नव्हे, स्त्री मिळेना म्हणून. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. त्यानंतर स्त्रीपार्टीची परंपरा मुख्य प्रवाहातून हळूहळू मागे पडली, आणि त्यामुळे अभिनयकलेची हानी झाली असे आज कोणी म्हणत नाही. मराठी रंगभूमीचा इतिहास आपल्याला हेच शिकवतो, की वगळणुकीतून जन्मलेल्या कलेचा सन्मान करता येतो. पण त्या कलेच्या आडोशाने वगळणुकीचे समर्थन करता येत नाही.

उरते ती हॅम्लेटसाठी डॅनिश नट शोधण्याची भीती. प्रस्तुत आक्षेपाचा अर्थ ‘जन्मदाखला दाखवा’ असा नाही. तसा घेतल्यास आशियाई नट पुन्हा आशियाई भूमिकांच्याच कुंपणात कोंडला जाईल. म्हणजे हायाकावा यांचीच कैद, फक्त वर सन्मानाची पाटी. डॅनिश नटांना जगाच्या रंगमंचावरून कोणी वगळले नव्हते, म्हणून हॅम्लेटचा प्रश्न उद्भवत नाही. भूमिकांची देवघेव दोन्ही दिशांनी खुली असती, तर गिनेस यांच्या गोडबोल्यांकडे केवळ अभिनय म्हणून पाहता आले असते.

४

आता चित्र पालटले, असे म्हटले जाईल. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ (२०२२) या चित्रपटाला मार्च २०२३ मध्ये सात ऑस्कर मिळाली. मिशेल यो सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या आणि के ह्वी क्वान सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता. या गौरवाच्या वृत्तांतात क्वान यांची कहाणी स्वप्नपूर्तीची म्हणून सांगितली गेली. ती अधिक काळजीपूर्वक वाचायला हवी. क्वान प्रथम पडद्यावर आले ते ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ (१९८४) मध्ये, बालनट म्हणून. पुढे भूमिका मिळेनात म्हणून त्यांनी दीर्घकाळ अभिनय सोडला. लीन यांच्या गोडबोल्यांचेच हे वर्ष. त्याच चित्रपटात अमरीश पुरी यांनी नरबळी देणारा कालीपूजक मोला राम रंगवला. पटकथेवरील आक्षेपांमुळे भारतात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून श्रीलंकेत भारत उभारला गेला. एकाच वर्षी भारतीय नट राक्षस म्हणून हवा होता आणि भारतीय तत्त्वज्ञ म्हणून नको होता. ही विभागणी बदलली काय, हा प्रश्न पुरस्कारांची मोजदाद करून सुटत नाही. कोणाला काय होण्याची मुभा आहे, हे भूमिकाभूमिकांतून तपासावे लागते.

आणि हा तपास हॉलिवूडपाशी थांबला, तर तो अर्धवटच म्हटला पाहिजे. रेनर यांच्या ओ-लानला हसणाऱ्या भारतीय प्रेक्षकाने ‘मेरी कोम’ (२०१४) आठवावा. मणिपुरी मुष्टियोद्धीची भूमिका प्रियांका चोप्रा यांनी केली. लिन लैश्राम ही मणिपुरी अभिनेत्री त्याच चित्रपटात दुय्यम भूमिकेत होती. ‘द गुड अर्थ’चीच ही रचना, फक्त स्टुडिओ आपला. सिक्कीमच्या डॅनी डेन्झोंग्पांसारख्या समर्थ नटाला ‘अग्निपथ’ (१९९०) मध्ये दिलेले नाव कांचा चीना हे होते. १९१८ ची पाटी बदलण्याची युक्ती मुंबईलाही अवगत आहे. आणखी मागे जावे, तर ‘अछूत कन्या’ (१९३६) मध्ये देविका राणी आणि ‘सुजाता’ (१९५९) मध्ये नूतन. दोन्ही चित्रपटांचा हेतू अस्पृश्यतेविरुद्ध होता, नूतन यांचा अभिनय अविस्मरणीय होता. आणि तरीही अस्पृश्य स्त्रीला पडद्यावर यायचे तर सवर्ण देहातूनच यावे लागले. मराठी समीक्षेने या अभिनयावर भरभरून लिहिले. त्या पडद्यावर कोण नव्हते, यावर लिहायला तिला दलित साहित्याच्या चळवळीची वाट पाहावी लागली.

म्हणूनच निखळ अभिनयाचा युक्तिवाद मराठी समीक्षकाच्या मुखी इतका सहज येतो. तो गिनेस यांच्या बचावासाठी म्हणून मांडला जात असला, तरी ज्यांनी इतर सर्वांचे प्रतिनिधित्व आजवर बिनबोभाट केले, त्या घरच्या मंडळींनाही तो संरक्षण देतो. गोडबोल्यांच्या चेहऱ्यावरची रंगभूषा खरवडायची असेल, तर तीच नखे सुजाताच्या चेहऱ्यावरही लावावी लागतील. ज्यांना हे दुसरे काम जड वाटते, त्यांनी पहिल्याविषयीचा संताप आवरता घ्यावा.