झुंबर बघावे की दरवाजा?



गेल्या अंकात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी त्यांच्या जुन्या मॉस्को सहलीचे वर्णन लिहिले होते. लेख सुरेखच होता. पण शेवटी त्यांनी एक पुस्ती जोडली होती, की मेट्रो बांधावी तर रशियनांनीच. लंडनच्या ट्यूबमध्ये नुसते उंदीर आणि मुंबईच्या नव्या मेट्रोत नुसत्या जाहिराती. या पुस्तीशी मी अर्धी सहमत आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी संपादकांकडून ही पाने मागून घेतली आहेत.

आधी सहमतीचा भाग. मॉस्कोची मेट्रो १५ मे १९३५ रोजी सुरू झाली. तेरा स्थानके आणि साधारण ११ किलोमीटरचा मार्ग. कामाचा जोर असताना सत्तर हजारांवर माणसे जमिनीखाली आणि वर राबत होती, आणि त्यांतली कितीतरी खेड्यातून नुकतीच आलेली, आयुष्यात कधी बोगदा न पाहिलेली होती. ती खेड्यातून का आली होती हेही लक्षात ठेवायला हवे. त्याच १९३२-३३ साली युक्रेनमध्ये आणि इतरत्र लाखो माणसे दुष्काळात मरत होती आणि इकडे उरल, क्रिमिया, कॉकेशसमधून संगमरवर येत होता. आज ज्याला क्रोपोत्किन्स्काया म्हणतात त्या स्थानकाचे मूळ नाव 'सोव्हिएतांचा राजवाडा'. शेजारचे ख्रिस्त तारणहाराचे कॅथेड्रल डिसेंबर १९३१ मध्ये सुरुंग लावून पाडले आणि त्या जागी राजवाडा उभा राहायचा होता. राजवाडा कधीच झाला नाही, पुढे तिथे पोहण्याचा तलाव झाला, आणि आता कॅथेड्रल पुन्हा बांधले आहे. मधल्या सगळ्या उलथापालथीत टिकले ते जमिनीखालचे स्थानक! आणि ते खरोखरच देखणे आहे, हे मी मोकळेपणी मान्य करते.

त्या कामात लंडनचाही हात होता. खोल बोगदे आणि लिफ्टऐवजी सरकते जिने हा धडा रशियनांनी लंडनच्या इंजिनियरांकडून घेतला. त्याची परतफेडही इथेच आहे. सेंट्रल लाइनवरचे गॅन्ट्स हिल स्थानक १९४७ साली उघडले, ते चार्ल्स होल्डन यांनी मॉस्कोच्या धर्तीवर बांधले. इलफर्डकडची आपली बरीच मंडळी रोज त्या कमानीखालून जातात. एकदा मान वर करून बघा. मॉस्कोचे तिकीट वाचेल.

पण माझ्या मते रशियनांचे खरे कर्तृत्व संगमरवरात नाही, चालवण्यात आहे. गर्दीच्या वेळी दीड-दीड मिनिटाला गाडी, आणि तीही एखाद्या दिवशी नव्हे, वर्षानुवर्षे. फलाटाच्या टोकाला बोगद्याच्या तोंडावर घड्याळ असते. त्यात पूर्वी मागची गाडी सुटून किती वेळ झाला ते दिसे. आपल्याला वाटे, पुढची कधी येईल ते सांगा ना! पण ते घड्याळ मुळात ड्रायव्हरसाठी होते. आपण वेळेत आहोत का हे त्याला कळावे म्हणून. प्रवाशालाही त्यावरून अंदाज बांधता येई, कारण एक मिनिट झाले असले तर गाडी आलीच. १९६१ पासून १९९१ पर्यंत तीस वर्षे भाडे पाच कोपेक, कुठूनही कुठेही. फाटकाची रीतही उलटी. वाट मोकळीच दिसे, मात्र नाणे न टाकता गेलात तर दोन्ही बाजूंनी फळ्या आपटत. आणि घोषणांचा एक प्रघात तर मला फार आवडतो. गाडी शहराच्या मध्याकडे निघाली असेल तर पुरुषाचा आवाज, मध्याकडून बाहेर निघाली असेल तर बाईचा. मॉस्कोकर गमतीने म्हणत, की सकाळी साहेब बोलावतो आणि संध्याकाळी बायको. (साहेब बाई असल्या तर काय, हे विचारायची सोय नव्हती.) डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला मात्र याचा उपयोग खरा: चुकीच्या गाडीत बसलो हे पहिल्याच शब्दाला कळे.

१९५५ च्या नोव्हेंबरात ख्रुश्चेव्हच्या काळात फर्मान निघाले की बांधकामातली उधळपट्टी पुरे. त्यानंतरची स्थानके साधी, एकसारखी. फलाटावर खांबांच्या दोन लांबलचक रांगा. लोकांनी त्यांचे नाव ठेवले 'गोम'. झुंबरांचे प्रेमी हळहळतात. मला मात्र हाच काळ मोठा वाटतो, कारण याच साध्या नमुन्यामुळे मेट्रो राजधानीबाहेर झपाट्याने पसरली. दहा लाख वस्तीचे शहर झाले की मेट्रोचा हक्क, असा तिथला दंडक होता. लेनिनग्राड १९५५, कीव्ह १९६०, तिबिलिसी १९६६, बाकू १९६७, खारकोव्ह १९७५, ताश्कंद १९७७, येरेव्हान १९८१, मिन्स्क १९८४. या सगळ्या शहरांत रुळांची रुंदी एक, विजेचा दाब एक आणि डबेही एकाच घडणीचे, बहुतेक मॉस्कोजवळच्या मितिश्ची कारखान्यातले. सुटे भाग कुठलेही कुठेही चालत. पण एका डब्यात जो दोष तोच सगळ्या शहरांत, हेही त्याबरोबरच आले.

इथून माझी उरलेली अर्धी असहमती सुरू होते.

१७ फेब्रुवारी १९८२ ला मॉस्कोच्या आव्हियामोतोर्नाया स्थानकावर संध्याकाळच्या गर्दीत खाली जाणारा सरकता जिना सुटला. ब्रेकची जुळणी चुकलेली होती. जिना माणसांच्या वजनाने वेगाने खाली धावू लागला आणि तळाशी माणसांवर माणसे पडली. काहींनी जीव वाचवायला कठड्यावर उडी मारली, तर कठड्याचे पातळ आवरण फुटून ती आत पडली. आठ माणसे गेली. वर्तमानपत्रात आले काय? संध्याकाळच्या एका पत्रात दोन-चार ओळी. मृतांचा आकडा नाही. परिणाम असा की गावभर शेकडो मेल्याची बोलवा उठली. खरा आकडा लपवून सरकारने आपलीच अब्रू घालवली हे तर झालेच, पण माझ्या दृष्टीने त्याहून वाईट हे, की रोज त्या जिन्यावर पाय ठेवणाऱ्या माणसाला तो का सुटला हे कळलेच नाही.

लपवण्याची सवय त्या पद्धतीच्या हाडात होती. ताश्कंद हे नाव आपल्याकडे शास्त्रीजींमुळे घरोघर माहीत आहे. ते गेले जानेवारी १९६६ मध्ये, त्याच वर्षी एप्रिलात तिथे भूकंप झाला आणि नव्याने उभारलेल्या शहरात पुढे मेट्रो आली. तिथली स्थानके अतिशय सुंदर आहेत, एक तर सगळे अंतराळवीरांना वाहिलेले. पण सोव्हिएत संघ मोडून पाव शतक उलटले तरी, २०१८ पर्यंत, तिथे फोटो काढायला बंदी होती. कारण स्थानक म्हणजे युद्धात लपण्याची जागा, म्हणजे लष्करी गुपित. आता या खोलीचा उपयोग झाला नाही असे नाही. १९४१ मध्ये जर्मन विमाने येत तेव्हा मॉस्कोकर मेट्रोत झोपत. फलाटांवर दोनशेहून जास्त बाळे जन्मली. आणि २०२२ मध्ये खारकीव्हच्या लोकांनी सोव्हिएतांनीच बांधलेल्या स्थानकांत आसरा घेतला तो रशियाच्याच तोफांपासून. २०२३ च्या शरद ऋतूत तर तिथे स्थानकांत मुलांचे शाळेचे वर्ग सुरू झाले. बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही हे आले नसेल.

पण शत्रूच्या बॉम्बपासून वाचण्याची एवढी तयारी, आणि स्वतःच्या गाडीत आग लागली तर? त्याचे उत्तर बाकूने दिले. २८ ऑक्टोबर १९९५, शनिवार संध्याकाळ. तोवर सोव्हिएत संघ गेला होता, अझरबैजान स्वतंत्र झाला होता, गाड्या मात्र त्याच होत्या. पाच डब्यांची भरलेली गाडी उल्दूझ स्थानकातून नरिमानोव्हकडे निघाली आणि थोड्याच अंतरावर बोगद्यात थांबली. विजेच्या यंत्रणेत बिघाड होऊन डब्याला आग लागली होती. दारे उघडेनात. पुढे हवा खेळवणाऱ्या पंख्यांची दिशा बदलली गेली आणि धूर नेमका, जिकडे बहुतेक माणसे पळत होती, तिकडे खेचला गेला. २८९ माणसे मेली. आजवरच्या मेट्रोच्या आगींत इतके बळी दुसरीकडे कुठे गेलेले नाहीत.

यांतली बहुतेक माणसे भाजून मेलेली नाहीत. ती धुराने मेली. माझा व्यवसाय रसायनशास्त्राचा, म्हणून इथे जरा थांबते. डब्याच्या आतले प्लास्टिकचे अस्तर, आसनांचा फोम, तारांवरचे पी.व्ही.सी. हे रोजच्या वापरात निरुपद्रवी पदार्थ आहेत. कोंडलेल्या जागेत अपुऱ्या हवेत ते जळू लागले की कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. पॉलियुरेथेनच्या फोममधून हायड्रोजन सायनाइड निघते. पी.व्ही.सी. मधून हायड्रोजन क्लोराइड निघतो. डोळ्यातल्या पाण्यात मिसळून त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते आणि समोर दार असले तरी माणसाला डोळे उघडता येत नाहीत. हे सगळे काही मिनिटांत होते. त्या मिनिटांत माणूस जगेल की नाही हे ड्रायव्हरच्या शौर्यावर ठरत नाही. कुठला पदार्थ डब्यात बसवला हे वीस-तीस वर्षांपूर्वी कुणी टेबलावर ठरवले होते, त्यावर ठरते.

खटला मात्र ड्रायव्हरवर आणि स्थानकावरच्या वाहतूक कर्मचाऱ्यावर झाला. दोघांना लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या. त्यांच्या चुका झाल्याही असतील. पण ज्यांनी तो डबा पसंत केला आणि ज्यांनी पंखे कुठल्या दिशेने फिरवायचे याचा नियम नीट घालून दिला नाही, त्यांच्यातले कुणी त्यांच्याबरोबर पिंजऱ्यात उभे नव्हते. सर्वांत खालच्या माणसाला शिक्षा करून प्रकरण मिटवायचे, ही रीत आपल्याकडेही फार ओळखीची आहे.

आता कुणी म्हणेल, लंडनचे काय? १८ नोव्हेंबर १९८७ ला किंग्ज क्रॉसला लाकडी सरकता जिना पेटला आणि ३१ माणसे गेली. अगदी खरे. जिन्याखाली वर्षांनुवर्षे साचलेले वंगण, त्यात पडलेली जळती काडी आणि 'अशा छोट्या आगी लागतातच' ही वृत्ती. सोव्हिएत हलगर्जीपणाहून ती तसूभरही वेगळी नव्हती. फरक पुढचा आहे. डेस्मंड फेनेल यांची चौकशी उघड्यावर झाली आणि १९८८ मध्ये १५७ शिफारशींचा अहवाल कुणालाही विकत घेता येईल असा छापला गेला. तिरक्या जिन्याच्या चरातून ज्वाळा जिन्यालाच चिकटून वर धावतात, हे त्या चौकशीतच प्रथम कळले. संगणकाच्या गणिताने तसे सांगितले तेव्हा तज्ज्ञांचाही विश्वास बसेना. मग छोटी प्रतिकृती बांधून पेटवून पाहिली, तर गणित बरोबर! वरिष्ठांना पदे सोडावी लागली. लाकडी जिने गेले, जरी शेवटचा जायला २०१४ उजाडले. म्हणजे इंग्रज फार तत्पर होते असे नव्हे. अहवाल छापलेला असल्यामुळे त्यांना विसरायची सोय राहिली नाही.

दक्षिण कोरियात २००३ च्या फेब्रुवारीत देगू शहरात एका माणसाने डब्यात ज्वालाग्राही द्रव पेटवला, १९२ माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक समोरून येऊन थांबलेल्या दुसऱ्या गाडीतली, बंद दारांआड. त्यानंतर तिथल्या डब्यांतली आसने आणि अस्तरे न जळणाऱ्या पदार्थांची केली गेली. बाकूची आग तोवर सात वर्षांहून जुनी झाली होती. तिचा धडा सगळ्यांच्या हाती मोकळा पडला असता तर देगूत काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हे सगळे आपल्या वार्तापत्रात का? कारण मुंबईत आता कुलाब्यापासून आरेपर्यंत साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो धावते आहे. तिचा पहिला टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ती कफ परेडपर्यंत पोचली. गिरगाव, काळबादेवी या आपल्या आजी-आजोबांच्या वाड्यांच्या खालून ती जाते. पुण्यातही शिवाजीनगर, मंडईखालून गाड्या जातात. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील आता त्यांत बसतात, आणि डिसेंबरात गेलो की आपणही मुलांना घेऊन बसतो. गाड्या नव्या आहेत, नियम नवे आहेत, आणि मुंबईत फलाटाला काचेची दारेही आहेत. मला भीती घालायची नाही. पण फोनवर आपण विचारतो काय? एसी छान आहे का, स्थानक किती चकचकीत आहे. आपल्या सभासदांनी मॉस्कोत जे पाहिले तेच आपण मुंबईतही पाहतो.

म्हणून माझी विनंती अशी. या वेळी गेलात की दाराशेजारी आणीबाणीत ते हाताने उघडायची कळ कुठे आहे ते शोधा आणि आईला दाखवा. गाडी बोगद्यात थांबली तर घोषणा मराठीत होते का ते ऐका. आणि कुठे काही बिघाड झाल्याची बातमी आली तर त्याची चौकशी छापली गेली का, हे विचारणारे पत्र संबंधित कार्यालयाला पाठवा. परदेशातल्या नागरिकाच्या पत्राला आपल्याकडे थोडे जास्त वजन मिळते. हे योग्य नाही, पण तोवर त्याचा उपयोग करून घ्यायला हरकत नसावी.

जाता जाता घरचे. आपल्या गणपतीच्या कार्यक्रमात हॉलच्या मागच्या दाराशी चपलांचा डोंगर होतो आणि जादा खुर्च्याही तिथेच रचल्या जातात. ते बाहेर पडायचे दार आहे. यंदा त्या दाराशी स्वयंसेवक म्हणून मी स्वतः उभी राहणार आहे. चपला कृपया डावीकडच्या छोट्या खोलीत ठेवाव्यात. खुर्च्या हलवायला दोन तरुण हवे आहेत, नावे चिटणीसांकडे द्यावीत.