घनमीटरांचा हिशेब आणि विहिरीची साक्ष

२०१८ च्या उन्हाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातील अनेक तलावांच्या कोरड्या पात्रांतून यंत्रांची घरघर ऐकू येत होती. भारतीय जैन संघटनेने राज्य शासनाच्या सहकार्याने ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ हे अभियान हाती घेतले होते. यंत्रे संस्थेची, इंधनाचा खर्च शासनाचा आणि गाळ वाहून नेण्याचा भार शेतकऱ्याचा, अशी ही वाटणी होती. राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना तत्पूर्वी, मे २०१७ मध्ये सुरू झाली होतीच. तलावाची साठवण वाढावी आणि सुपीक गाळ हलक्या रानात पडावा, हा विचार मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु अशा कामाचे यश सांगताना आपण नेमके काय सांगतो, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

सामान्यतः सांगितले जातात ते आकडे तीन प्रकारचे असतात : किती यंत्रे लागली, किती तास चालली आणि किती घनमीटर गाळ निघाला. हे आकडे खोटे नसतात. मात्र ते कामाचे आकडे असतात, फळाचे नव्हेत. एक घनमीटर गाळ काढला म्हणजे एक हजार लिटर पाण्याला जागा झाली, एवढेच गणित सांगते. त्या जागेत पाणी आले का, ते जमिनीत मुरले का, खालच्या अंगाच्या विहिरीला मार्चनंतर किती दिवस पुरले आणि त्यावर कोणाच्या शेतात हरभरा उभा राहिला, या प्रश्नांची उत्तरे घनमीटरात मिळत नाहीत. शिवाय, जे मोजले जाते तेच वाढते, हा व्यवहाराचा नियम आहे. केवळ घनमीटरच मोजायचे ठरले, तर यंत्र गरजेच्या तलावाकडे न वळता सोयीच्या तलावाकडे वळेल, आणि गाळ संपला तरी मुरूम उपसत राहील.

मग विहिरीची पातळी मोजावी, असे कोणी म्हणेल. तेही पुरेसे नाही, आणि का पुरेसे नाही हे आपल्याच जिल्ह्याने दाखवून दिले आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात गाळ निघाला. पण त्या वर्षी पावसाने दगा दिला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपल्या जिल्ह्यातीलही तालुके होते. पुढील वर्षी, २०१९ मध्ये, उलट परतीच्या पावसाने काढणीला आलेली पिके बुडवली. आता केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी तुलना करणाऱ्याची गत काय होईल? पहिल्या वर्षी विहिरी आटलेल्या पाहून तो म्हणेल, काम वाया गेले. दुसऱ्या वर्षी त्याच विहिरी तुडुंब पाहून म्हणेल, काम फळास आले. वस्तुतः दोन्ही वेळा त्याने मोजला असेल तो पाऊस!

यावरचा मार्ग महाराष्ट्रातच घालून दिलेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९५ पासून ३९ गावांत हे काम चालले; त्याच वेळी शेजारच्या ४७ गावांतील जन्म-मृत्यूंची नोंदही तितक्याच कसोशीने ठेवली गेली. आरंभी दोन्हीकडे हजार जन्मांमागे साठच्या आसपास अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत. तिसऱ्या वर्षी कामाच्या गावांत हे प्रमाण २५.५ वर उतरले. शेजारच्या गावांत ते जवळपास होते तेथेच राहिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या ४७ गावांची नोंद नसती, तर ‘काळाच्या ओघात मृत्यू कमी व्हायचेच होते’ असे म्हणणाऱ्याला उत्तर देता आले नसते. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन आणि ताप पाहते, त्यामागे या मोजणीचे पाठबळ आहे.

तलावांच्या बाबतीत अशी तुलना अवघड नाही. सर्व तलावांतील गाळ एकाच उन्हाळ्यात निघू शकत नाही. ज्या गावांचा क्रम पुढील वर्षी आहे, तीच यंदाची तुलनेची गावे. पाऊस दोन्हीकडे सारखा, फरक केवळ कामाचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. पिकांची नोंद गाव नमुना बारामध्ये असते. उरलेल्या विहिरी दोराला दगड बांधून आमच्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी मोजू शकतील. मोजणीवर पैसा घालवण्यापेक्षा आणखी एक तलाव उपसावा, हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. ज्या कामाचे फळ ठाऊक नाही, ते दुप्पट करणे ही काटकसर नव्हे.

आणखी एक प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला टाळता येणार नाही : लाभ कोणाला झाला? गाळ फुकट असला तरी ट्रॅक्टरचे भाडे फुकट नसते. ज्याच्याकडे वाहन आहे त्याचे रान आधी सुधारते. विधवेचे दीड एकर तसेच राहते, आणि भूमिहीन मजुराच्या वाट्याला गाळ येतच नाही. पुढे योजनेत लहान शेतकऱ्यांसाठी अनुदानाची सोय झाली, ती याच अनुभवातून. सरासरीचा आकडा हा भेद झाकून टाकतो.

आता कायद्यानेही या मोजणीची दखल घेतली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारावरील कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने मोठ्या कंपन्यांच्या एक कोटी वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे स्वतंत्र मूल्यमापन सक्तीचे केले. हे स्वागतार्ह आहे. परंतु हा अहवाल जातो देणगीदाराकडे, बहुधा इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर, हसऱ्या शेतकऱ्याच्या छायाचित्रासह. ज्या गावाची विहीर मोजली, त्या गावाला मात्र त्याचा पत्ता नसतो.

लोकांच्या नावाने केलेल्या कामाचा हिशेब प्रथम लोकांना दिला पाहिजे. तो ग्रामसभेत, मराठीत वाचला जावा. किती खर्च झाला, किती विहिरींना लाभ झाला, कोठे झाला नाही आणि का झाला नाही, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले जावे. कोठे काम फसले हे सांगणाऱ्या संस्थेचा लौकिक कमी होत नाही. उलट तिच्या यशाच्या आकड्यावर विश्वास बसतो. विहिरीच्या काठी राहणारा माणूस त्या आकड्याची शहानिशा रोज पोहरा टाकताना करीत असतो. त्याच्यासमोर जो अहवाल टिकेल, तोच खरा.